पंचावन्न दिवसांची बाग

सोमवार, २ ऑक्टोबर २०२३

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, भरात आहे. काडी कापायची, राखलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करायचे आणि डोळे फुटायची वाट पाहायची. आजपासून बागेचे वय नव्याने मोजले जाईल. बांधावर भेटणारा माणूस पहिल्यांदा एवढेच विचारतो, ‘किती दिवसांची झाली?’

आज छाटलेली बाग साधारण सव्वाशे दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तोडणीला येते. पुढे जे लिहिले आहे ते या दिवशी छाटलेल्या कोणत्याही बागेला धरून वाचावे.

कांद्याचा व्यापार नुकताच वाटेवर येतो आहे. केंद्राने १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबरपासून लिलाव बंद ठेवले होते. त्यामुळे छाटणीचा खर्च सुरू होत असताना अनेक घरांत चाळीतला कांदा तसाच पडून आहे.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर. बाग २९ दिवसांची

राज्य सरकार ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करते. त्यांत नाशिक जिल्ह्यातले तीन आहेत: मालेगाव, सिन्नर, येवला. सिन्नर आणि येवला निफाडला लागून आहेत. यंदाचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

आदल्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, नाशिक आणि नगरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आहे. नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे जिल्ह्यात बोलणे पाण्याचेच. वाद न्यायालयात जातो, रस्त्यावर येतो. पाऊस जास्त पडेल ही भीती त्या बोलण्यात कुठेच नाही, आणि ती नव्हती याबद्दल कुणाला दोष देता येत नाही.

बागेत या दिवसांत फेलफूट, म्हणजे नको असलेले फुटवे, काढून घेतात. पुढच्या आठवड्यात फुलोरा.

गुरुवार, २३ नोव्हेंबर. बाग ५२ दिवसांची

कार्तिकी एकादशी. हवामान खात्याच्या नकाशांवर दोन गोष्टी एकमेकींच्या दिशेने सरकताना दिसू लागल्या आहेत. वायव्येकडून एक पश्चिमी झंझावात येतो आहे. तो उंचावर थंड हवा घेऊन येतो. खाली, अरबी समुद्रावरून पूर्वेकडील वाऱ्यांचा एक पट्टा बाष्प वर ओढतो आहे. दोन्ही गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रावर एकत्र येतील, असा अंदाज आहे.

गार तयार व्हायला हेच दोन घटक लागतात. खाली ओलावा आणि ऊब, वर गोठवणारी थंडी. जमिनीजवळची हवा जोरात वर फेकली गेली की पाण्याचे थेंब गोठणरेषेच्या वर जातात, बर्फाचा थर चढतो, आणि गार ढगात जेवढा वेळ तरंगते तेवढे थरावर थर चढत जातात. वर जाणारा वारा जितका बळकट, तितकी गार मोठी. तो तिला पेलू शकला नाही की ती सुटते. अडीच सेंटिमीटर व्यासाची गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक असतो.

अंदाजात तारीख रविवारची आहे.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर. बाग ५३ दिवसांची

तुळशीची लग्ने सुरू होतात. त्यापाठोपाठ माणसांची. गावोगाव मांडवाचे साहित्य बाहेर पडते.

बागेत मणी धरला आहे. लवकरच्या बागांत तो बाजरीच्या आकाराकडून ज्वारीकडे आणि ज्वारीकडून हरभऱ्याकडे निघाला आहे. मणी मोजायची मापे इथे धान्याचीच आहेत. घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवून घ्यायचे हे दिवस. डिपिंगचा दिवस चुकला तर मण्याची फुगवण चुकते, आणि निर्यातीच्या मालाला मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये मोजून द्यावा लागतो.

त्यामुळे शुक्रवारी बागायतदारापुढचा प्रश्न गारेचा नसतो. पाऊस येणार म्हणतात, तर डिपिंग आज उरकायचे की सोमवारवर टाकायचे? डाउनी रोगासाठी फवारणी पावसाआधी घ्यायची की नंतर? औषध महाग आहे. पाण्यात धुऊन गेले तर दुसऱ्यांदा पैसे. मजूर मिळतील का? पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांचे दिवस आधीच वाटले गेलेले असतात.

ज्याने अंदाज वाचून आजच डिपिंग उरकले, त्याने शहाणपणाचा निर्णय घेतला. ज्याने खर्च नको म्हणून सोमवारची वाट पाहिली, त्यानेही. दोन दिवसांनी या दोन निर्णयांत काही फरक उरणार नाही.

शनिवार, २५ नोव्हेंबर, दुपार. बाग ५४ दिवसांची

उत्तर महाराष्ट्रासाठी रविवारचा इशारा नारिंगी आहे. मेघगर्जना, विजा, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारपीट. मोबाइलवर तो इशारा फिरतो. गावाच्या ग्रुपवर, द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर, औषध दुकानदाराच्या ग्रुपवर. इशारा पोहोचला नाही, असे या घटनेबद्दल म्हणता येत नाही.

हवामान खात्याच्या भाषेत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा.

तयार राहायचे म्हणजे काय करायचे? काढून ठेवलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकता येते. जनावरे गोठ्यात बांधता येतात. बागेच्या ताण देणाऱ्या तारा आणि कोपऱ्यांचे खांब तपासता येतात. बागलाणात, जिथे बागा लवकर छाटतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माल निघतो, तिथे तयार घड उतरवून घेता येतात, पण त्यासाठी व्यापारी हवा, मजूर हवेत, गोडी उतरलेली हवी, आणि हातात एक दिवस आहे.

पंचावन्न दिवसांच्या बागेत मात्र घड उतरवता येत नाहीत, झाकताही येत नाहीत. तिच्यावर प्लास्टिकचे आच्छादन असेल तर ते लोखंडी सांगाड्यासकट आधीच उभे असावे लागते. त्याचा खर्च एकरी काही लाख रुपये आहे. सरकारी अनुदानाची योजना प्रायोगिक होती, त्यात थोड्याच बागा बसल्या. आच्छादनाचा निर्णय शनिवारी दुपारी घेता येत नाही. तो दोन वर्षांपूर्वी, बँकेत बसून घ्यावा लागतो, आणि ज्या वर्षी कांद्याने व द्राक्षाने दोन्हीकडून पैसे दिले असतील त्याच वर्षी तो घेता येतो. तसे वर्ष बऱ्याच दिवसांत आले नव्हते.

याच वर्षी एप्रिलमध्ये बागलाण तालुक्यात गारपीट झाली. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे अयोध्येहून परतून थेट तिथल्या शेतांत गेले होते. त्या दौऱ्याला साडेसात महिने झाले आहेत.

शनिवार, रात्र

निफाडला बर्फ अनोळखी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा १.८ अंशांवर उतरला होता. पानांवरचे दव गोठले होते. त्या थंडीवर इथल्या लोकांनी उपाय शोधून ठेवले आहेत. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबक सुरू करून मुळांना विहिरीचे कोमट पाणी द्यायचे. थंडी रात्रभर हळूहळू उतरते, माणसाला उठून काही करायला वेळ देते.

या रात्री थंडी नाही. आकाश ढगाळ आहे, हवा दमट.

रविवार, २६ नोव्हेंबर, पहाटे ५.३०

मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेतून हायड्रोजनचा फुगा सोडण्याची ही वेळ. फुग्याला बांधलेले यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहते. जगभरच्या वेधशाळा हे काम एकाच वेळी करतात, दिवसातून दोनदा. पुढचा फुगा संध्याकाळी साडेपाचला. मधले बारा तास उपग्रह आणि रडार यांच्यावर काढायचे.

नाशिकला स्वतःचे डॉप्लर रडार नाही. सर्वांत जवळची रडारे मुंबईत आहेत, मध्ये सह्याद्री. इतक्या अंतरावर पोहोचेपर्यंत रडारचा झोत जमिनीपासून बराच वर गेलेला असतो. ढगाचे डोके दिसते. त्याच्या खाली कोणते गाव आहे आणि तिथे आत्ता काय पडते आहे, ते अंदाजाने सांगावे लागते.

मुंबईत पहाटेच पावसाच्या सरी पडून जातात. नोव्हेंबर अखेरीस, विजांसह.

सकाळी ६.५०

सूर्योदय. रविवार असल्याने लासलगाव, पिंपळगावला लिलाव नाहीत. ट्रॅक्टरच्या रांगा नाहीत. शाळा बंद, तलाठी कार्यालय बंद. मजूर मात्र बागेत येतात. मण्यांची विरळणी रविवार पाळत नाही.

सकाळी ८.३०

हवामान खात्याचा दिवस इथे सुरू होतो. पर्जन्यमापकातले पाणी मोजून भांडे रिकामे केले जाते. पुढच्या चोवीस तासांत जे पडेल ते सोमवारच्या नावावर लागेल.

राज्यात महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत, साधारण प्रत्येक महसूल मंडळाला एक. ती पाऊस मोजतात, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात. गार मोजत नाहीत. गारेची नोंद माणसाने पाहून, फोटो काढून, कागदावर करायची असते.

सकाळ ते दुपार

सह्याद्रीच्या पलीकडे, गुजरातेत, गारपीट सुरू झाली आहे. सौराष्ट्र, सुरत, तापी, भरूच, खेडा. काही तालुक्यांत सोळा तासांत ५० ते ११७ मिलिमीटर पाऊस होईल. राजकोटजवळ महामार्ग गारांनी पांढरा झाला आहे. लोक गाड्या थांबवून व्हिडिओ काढत आहेत. मोरबीच्या सिरॅमिक कारखान्यांत काम थांबले आहे. वीज पडून त्या राज्यात या एका फेऱ्यात वीसहून अधिक माणसे जातील.

राजकोटचे ते व्हिडिओ नाशिक जिल्ह्यातल्या मोबाइलवर दुपारपर्यंत येऊन पोहोचतात. ‘गुजरातमध्ये काश्मीर’ अशा ओळीसह. पाहणाऱ्याला ती दूरची बातमी वाटते. तापी जिल्हा नंदुरबारला लागून आहे. नंदुरबारनंतर धुळे, धुळ्यानंतर नाशिक.

सकाळी ११.३०

तीन तासांनी होणारे निरीक्षण. या काळात तातडीचे इशारेही निघतात. एक इशारा तीन तासांपुरता असतो आणि त्यात जिल्ह्याचे नाव असते. नाशिक जिल्हा म्हणजे १५ तालुके आणि साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. गारेचा पट्टा बहुतेक वेळा काही किलोमीटर रुंद असतो. एका गावाची बाग झोडपली जाते आणि ओढ्यापलीकडच्या गावात नुसता पाऊस पडतो. म्हणून असा इशारा वाचून कुणी मजुरांना घरी पाठवत नाही. पाठवले तरी आजचा रोज द्यावा लागतो.

‘दामिनी’ अॅप ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याला जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना मिळते. विजेपासून माणूस वाचवण्यासाठी ती उपयोगी आहे, आणि त्या दिवशी झाडाखालून बाजूला होण्याइतका वेळ मिळणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

दुपारी २.३०

पुन्हा निरीक्षणाची वेळ. जमीन दिवसभर जेवढी तापायची तेवढी तापली आहे. वर जाणाऱ्या हवेला दिवसातले सर्वाधिक बळ याच सुमारास मिळते. नाशिकच्या गारपिटीच्या आठवणी म्हणूनच दुपारच्या आणि संध्याकाळच्या असतात, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्याही. तेव्हा राज्यात गारपीट दोन आठवड्यांहून अधिक काळ फिरत राहिली होती. त्यानंतर बागांवर जाळी लावा, आच्छादन करा, रडार आणा, विम्याचे नियम बदला, असे सगळे बोलले गेले. मधे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ गेला.

दुपारी ३.५३

पंचांगाप्रमाणे कार्तिक पौर्णिमा लागते. संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा. गोदाकाठी आणि गावोगावच्या देवळांत दीपमाळा लावायच्या आहेत. तेलवाती तयार आहेत.

दुपारनंतर

आधी वारा येतो. मग मोठे, लांब लांब पडणारे थेंब. मग पत्र्यावर आवाज.

निफाड, चांदवड, दिंडोरी, मनमाडचा परिसर. सगळीकडे एकाच वेळी नाही, सगळीकडे सारखी नाही. गारेचा मारा तासांत मोजायचा नसतो, मिनिटांत मोजायचा असतो. सुरुवातीच्या मिनिटांत पाने फाटतात. मग कोवळे शेंडे मोडतात. मग घड. पंचावन्न दिवसांच्या मण्याची साल पातळ असते. गार जिथे लागते तिथला मणी फुटतो किंवा देठासकट गळतो. उशिरा छाटलेल्या बागेत अजून फुलोरा असतो, तो खाली झडतो. बागलाणाकडे तयार मणी पाणी पिऊन तडकतात. काही बागांत वाऱ्याने मांडव ओढला जातो, तारा सुटतात आणि एक खांब पडला की ओळीतले पुढचे खांबही पडत जातात.

कांद्याची पात मोडते. उन्हाळ कांद्यासाठी टाकलेली रोपे, बोटभर उंचीची, वाफ्यात झोपतात. ती नष्ट झाली म्हणजे जानेवारीत लावायला रोप नाही, एप्रिलमध्ये कांदा नाही.

रस्त्यावर गारांचा थर बसतो. डांबर तापलेले आहे, त्यामुळे खालचा थर वितळून वरचा त्यावर सरकतो. दुचाकीवाल्याला उभे राहायला झाड, पेट्रोल पंप किंवा बंद दुकानाची पायरी लागते. हेल्मेट नसेल तर हात डोक्यावर. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक कडेला थांबतात. गावरस्त्यांवर फांद्या आडव्या होतात, तारांवर पडतात, महावितरणचे फीडर एकामागून एक बंद होतात. लग्नाचे मांडव भिजतात. उसाच्या फडाजवळ तोडणी मजुरांच्या कोप्या आहेत, प्लास्टिक आणि पाचटाच्या. त्यांच्या छतातून गार सरळ आत येते.

बागेतल्या मजुरांनी डोक्यावर क्रेट धरलेले असतात. द्राक्षाचे क्रेट, या वर्षी अजून न भरलेले.

संध्याकाळी ५.५४

सूर्यास्त. पाऊस ठिकठिकाणी सुरू आहे. ओळींमधून पांढरे ढीग आहेत आणि त्यांत हिरवे मणी मिसळलेले आहेत. वीज नाही, त्यामुळे मोबाइलची बॅटरी जपून वापरायची. फोटो आधी काढायचे, कारण गार वितळली की पुरावा वितळतो.

हंगामातला खर्च या वेळेपर्यंत निम्म्याहून अधिक झालेला असतो. छाटणी, पेस्टिंग, फेलफूट, फवारण्या, डिपिंग. दुकानदाराच्या वहीत तो लिहिलेला आहे. उत्पन्नाची बाजू फेब्रुवारीत भरायची होती.

रविवार, रात्र

बहात्तर तासांचे घड्याळ सुरू झाले आहे. विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत कंपनीला द्यावी लागते. फळबागांच्या हवामानावर आधारित विम्यात गारेचे संरक्षण मूळ विम्यात धरलेले नसते; त्यासाठी वेगळा हप्ता भरलेला असावा लागतो. तो भरला होता की नाही, हे अनेक जण आज रात्री बॅटरीच्या उजेडात पावती काढून बघत असतील.

सोमवार, २७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०. बाग ५६ दिवसांची

पर्जन्यमापकांतले पाणी मोजले जाते. आज गुरुनानक जयंती, सार्वजनिक सुट्टी. आपत्ती रविवारी आली आणि दुसरा दिवसही सुट्टीचा निघाला. बहात्तरपैकी पहिले चाळीस-एक तास कार्यालयांच्या दारांना कुलूप असण्याचे आहेत. हा दोष कुणा एका कर्मचाऱ्याचा नाही. पण नुकसान कळवण्याची मुदत तासांत ठेवणाऱ्याने सुट्ट्या मोजायला हव्या होत्या.

पंचनामा तिघांनी मिळून करायचा असतो: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक दिसले पाहिजे. गहू पडला तर टक्केवारी डोळ्यांना दिसते. बागेत वेल उभाच असतो. त्याच्यावर पाने नाहीत, आहेत ती फाटलेली, आणि पानाशिवाय मण्यात साखर भरत नाही, हे पाहणाऱ्याला समजून घ्यावे लागते. ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, पडलेल्या जखमांचा हिशेब तर या पंचनाम्यात बसतच नाही.

दुपारी ढग पुन्हा भरून येतात. ओल्या जखमांवर बुरशी चढू नये म्हणून फवारणी करावी लागते. ज्या बागेत माल उरलेला नाही तिच्यावरही. वेल जगवायचा तर औषध उधार आणून मारायचेच.

बुधवार, २९ नोव्हेंबर

बहात्तर तास संपतात.

मंत्रिमंडळापुढे प्राथमिक आकडे आहेत. १६ जिल्ह्यांत ९९ हजार ३८१ हेक्टर. सर्वाधिक बुलढाणा, ३३ हजार ९५१. त्याखालोखाल नाशिक, ३२ हजार ८३३. नगर जिल्ह्यात १५ हजार ३०७. तातडीने पंचनामे पूर्ण करण्याचे आदेश निघतात.

चार आठवड्यांपूर्वी दुष्काळ जाहीर झालेले तालुके आणि आता अवकाळीने नुकसान झालेले तालुके यांच्या याद्या एकाच महसूल यंत्रणेच्या टेबलावर आहेत.

गुरुवार, ७ डिसेंबर, रात्र. बाग ६६ दिवसांची

केंद्र सरकार कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालते, ३१ मार्च २०२४ पर्यंत. अधिसूचना रात्री निघते आणि दुसऱ्या दिवसापासून लागू होते. गारपिटीतून जो लाल कांदा वाचला होता तो याच आठवड्यांत बाजारात यायचा होता. सकाळी लिलाव बंद पडतात. शेतकरी चांदवडजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर बसतात.

सोमवार, १ जानेवारी २०२४. बाग ९१ दिवसांची

नोव्हेंबरमधल्या अवकाळी पाऊस आणि गारपिटीसाठी वाढीव मदतीचा शासन निर्णय निघतो. जिरायत पिकाला हेक्टरी १३ हजार ६०० रुपये, बागायत पिकाला २७ हजार, बहुवार्षिक पिकाला ३६ हजार, तीन हेक्टरांच्या मर्यादेत.

द्राक्षबाग बहुवार्षिकात धरली जाते. हेक्टरी ३६ हजार म्हणजे एकरी साडेचौदा हजारांच्या आसपास. पंचावन्नाव्या दिवसापर्यंत त्याच एकरात लाखाच्या वर रुपये गेलेले असतात.